मागचं काही न दाखवणारी लेन्स

कॅमेरा मी माझ्या पगारातून घेतला. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नात्यात अजूनही सगळे त्याला 'दादाने घेऊन दिलेला कॅमेरा' म्हणतात. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याने काय दिलं ते पुढे सांगते. कॅमेरा नाही दिला.

मला फोटोग्राफर वगैरे व्हायचं नव्हतं. आईला स्वतःचा एक चांगला फोटो हवा होता, त्यासाठी हा सगळा खटाटोप. मुलुंडच्या आमच्या घरात हॉलच्या भिंतीवर बाबांचा फोटो आहे. पासपोर्टसाठी म्हणून बाबा एकदा स्टुडिओत गेले होते. परदेशी जाणं काही झालं नाही, पण फोटो छान निघाला. संध्याकाळी दिवा लावला की आई त्या फोटोकडे बघून म्हणायची, "ह्यांचो काय बरो इलो हा." बोलायची बाबांबद्दल, पण मला कळायचं. तिचा स्वतःचा एकट्याचा फोटो होता तो फक्त आधार कार्डावर, आणि त्यात ती नुकतीच पकडून आणल्यासारखी दिसते. बाकी अल्बमभर बघा, आई कुठेतरी मागे असते. हातात ताट, नाहीतर पदर तोंडावर. मोबाइल आल्यावरही तेच, केक कापणाऱ्यांच्या मागे अर्धी आई.

एकदा चहा गाळता गाळता ती म्हणाली, "माझो एक फोटो काढशीत मा? पण मागे ह्यां कपाट नि वाळत घातलेले कपडे दिसाक नको हां."

एवढीच अट होती. पण आमच्या घरात ती अवघड होती. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, राहणारी माणसं पाच. कुठेही उभं राहा, मागे काहीतरी असतंच. कपाट, दोरी, गॅसचा सिलिंडर, वहिनीची शिलाई मशीन. खाली बागेत चल म्हटलं, तर तिच्या गुडघ्यांना चार मजले उतरणं झेपत नव्हतं. आणि म्हातारीला फोटोची हौस, असं बिल्डिंगमध्ये कोणी म्हणेल ही भीती वेगळीच.

तेव्हा मी अंधेरीला नोकरीला होते. ऑफिसातल्या एकाने नवा कॅमेरा आणला होता आणि तो जेवणाच्या सुट्टीत दिसेल त्याचे फोटो काढत सुटला होता. त्याने पँट्रीत माझा एक काढला. माझ्या मागे पाण्याचा कूलर, आग विझवायचं लाल नळकांडं आणि डब्यांची चळत होती. फोटोत त्यातलं काहीच नव्हतं. माझा चेहरा लखलखीत आणि मागे नुसते मऊ रंग. मी विचारलं, ही जादू कॅमेऱ्याची का? तो म्हणाला, कॅमेरा कुठलाही चालेल, लेन्स फिफ्टी पाहिजे. पन्नास एमएमची, झूम नसलेली. तिचं भोक मोठं उघडतं, घरातल्या थोड्या उजेडातही चालते, आणि मागचं सगळं विरघळून जातं.

माझं ठरलं. पुढे कित्येक महिने मी पैसे बाजूला टाकले आणि डोक्यात एकच फोटो ठेवला. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी स्टुलावर आई, अंगावर तिची ठेवणीतली निळी साडी. आईलाही सांगून ठेवलं होतं. तिने साडीला खालून फॉल लावून घेतला. फोटोत कमरेच्या वरचं येणार होतं, तरी.

दुकान घाटकोपरला होतं. दादा म्हणाला, मी येतो, बाईमाणूस बघून गंडवतात. मी पस्तिशीची, कमावती, लेन्सचा नंबर पाठ असलेली. तरी चल म्हटलं. आमच्याकडे मोठी खरेदी घरातला कर्ता पुरुष बरोबर असल्याशिवाय होत नाही. बाबा होते तोवर मिक्सरसुद्धा त्यांच्याशिवाय आला नव्हता.

दुकानदाराने पहिल्या मिनिटात ओळखलं की बोलायचं कोणाशी. मी म्हणाले, "मला फक्त बॉडी आणि फिफ्टी द्या." तो दादाला म्हणाला, "सर, मॅडम फोटोग्राफी शिकलेत काय?"

"छे रे. घरीच वापरणार."

"मग फिफ्टी कशाला? फिक्स असते ती. फॅमिलीसाठी झूमवाला किट घ्या ना, कॅमेऱ्याबरोबरच लेन्स येते."

दादाने फिफ्टी हातात घेऊन रिंग फिरवून बघितली. "हिला झूमच नाही? मग काय, जवळ जायचं तर चालत जायचं आणि लांब जायचं तर भिंत फोडायची? गणपतीत सगळे एका फोटोत आले पाहिजेत, आपली माणसं किती आहेत बघ."

"मला आईचा फोटो काढायचाय," मी म्हणाले.

"अगं, आई काय एकटी आहे का? आईसकट सगळ्यांचा येईल ना."

मी हट्ट धरला. आवाज चढला असेल थोडा. शेजारच्या काउंटरवरचं जोडपं वळून बघायला लागलं. तेव्हा दादाने ते केलं जे तो नेहमी करतो. मोठा झाला. म्हणाला, "बरं. तू किट घे. त्याच्यावर ही लांबची झूम लेन्स माझ्याकडून गिफ्ट. आता तर खूश?" आणि कार्ड पुढे केलं. दुकानदार म्हणाला, "नशीबवान आहात मॅडम." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. भेट नाकारली तर मी कृतघ्न. मी थँक्यू म्हणाले. त्या थँक्यूची चव अजून तोंडात आहे.

घरी आईने कॅमेऱ्याला हळदकुंकू लावलं. मी अगं अगं म्हणेपर्यंत तिचं ओलं बोट थेट लेन्सच्या काचेवर टेकलं होतं. दादा ओरडला. मी मात्र हसले. त्या लेन्सच्या कपाळी कुंकू लागो नाहीतर काजळ, मला काय त्याचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने निळी साडी नेसली, केस विंचरले, स्टुलावर बसली. किटची लेन्स मी जमेल तितकी उघडली. फोटो काळपट आला. फ्लॅश टाकला तर चेहरा पिठासारखा पांढरा. आणि मागे कुकर, रॉकेलचा जुना डबा, दोरीवरचे दादाचे बनियन, सगळं अगदी स्वच्छ. दादाची लांब लेन्स लावली. तिला उजेड लागतो आणि पाठी सरकायला जागा लागते, आमच्याकडे दोन्ही नाही. नाक तेवढं आलं, तेही हललेलं. आईने पडद्यावर फोटो बघितले. खूप वेळ बघितले. मग म्हणाली, "रवांदे गो. मी सगळ्यांवांगडाच बरी दिसतंय." सगळ्यांबरोबरच बरी, असं म्हणत आत जाऊन तिने साडी बदलली.

पुढच्या पगाराला मी फिफ्टी आणते म्हटलं, तर आईच आडवी आली. "तेना इतक्या हौसेन दिल्यान. आता आनी दुसरी आणलंस तर तेका वायट वाटात." दादाला वाईट वाटेल. आमच्या घरात हे एक वाक्य असं आहे की त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. मला वाईट वाटलं त्याचं काय, आईला वाटलं त्याचं काय, हे विचारायची पद्धत नाही. आई विसरली असेल असं मीही मग मनाशी धरलं. ती विसरली नव्हती. कपाट आवरताना निळी साडी ती वेगळी काढून ठेवायची, ते मी बघत होते.

मी मात्र नात्यातली फुकटची फोटोग्राफर झाले. गावचा गणपती, बारसं, साखरपुडा. सगळे एका रांगेत, पुढे बसलेले, मागे उभे, आणि आई टोकाला, अंगठ्याएवढी. दादा प्रत्येक वेळी म्हणायचा, "बघितलंस? सगळे आले की नाही?" सगळे यायचे खरे.

आई गेली ती थोड्याशा आजारपणात. दहाव्याच्या आधी हार घालायला फोटो लागला. दादा हॉलमध्ये चार नातेवाइकांसमोर मला म्हणाला, "एवढा कॅमेरा आहे तुझ्याकडे, आणि आईचा एक धड फोटो नाही?"

मी जुने फोटो चाळायला घेतले. बोलले असते तर त्या दिवशी घरात राहिले नसते.

शेवटी त्याच्या मुलीच्या साखरपुड्याच्या फोटोतून आईला कापून घेतलं. तिच्या खांद्यावर दादाचा हात होता. स्टुडिओवाला म्हणाला, हात काढला तर खांदाही जाईल, त्यापेक्षा साडीच दुसरी टाकतो. त्याने कॉम्प्युटरवर तिला लाल काठांची कुठलीतरी पिवळी साडी नेसवली. मागे आकाशी रंग भरला. कपाट नाही, दोरी नाही, माणसं नाहीत. आईची अट अशी पुरी झाली. चेहरा मात्र मोठा करताना फुटला, जवळ गेलं की डोळ्यांचे नुसते चौकोन दिसतात. आता ती बाबांच्या शेजारी असते, कधी न नेसलेल्या साडीत.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी फिफ्टी आणली. वरातीमागून घोडं, मला कळत होतं. तरी आणली. यावेळी कोणालाही बरोबर नेलं नाही.

दादाने ती टेबलावर पाहिली. रागावला नाही. केसांवरून हात फिरवत म्हणाला, "माझा एक नीट फोटो काढून ठेव गं. आईसारखं नको व्हायला." आणि इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमधल्या खुर्चीत येऊन बसला, आई-बाबांच्या फोटोंच्या भिंतीला पाठ करून.

मी काढला. लेन्स माझ्या ऑफिसातल्या माणसाने सांगितली होती अगदी तशीच निघाली. दादाच्या पापण्या मोजाव्यात इतका स्पष्ट चेहरा. घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी वाहवा केली, बॅकग्राउंड कसलं भारी आलंय, कुठल्या स्टुडिओत काढला. दादाने लिहिलं, लेन्स घ्यायला मीच गेलो होतो हिच्याबरोबर.

त्या फोटोत त्याच्या डाव्या कानामागे एक पिवळसर डाग आहे, कडेला थोडा आकाशी. ती आई आहे.