दान दिलेली छत्री

मंडळातल्या मैत्रिणींनो, आज दुपारी घडलं ते मनात मावत नाही, म्हणून आपल्या घरोघरी फिरणाऱ्या कागदावर लिहिते आहे.

संग्रामपूरच्या बाजारातून घरी येत होते. पुढे गावचे जोशीबुवा आणि त्यांची बायको एकाच छत्रीत चालले होते. छत्रीच्या काळ्या कापडावर निळ्या दोऱ्याची शिवण दिसली आणि माझे पाय थबकले. ती शिवण माझ्या हातची. माझ्या घरधन्याच्या तेराव्याला त्यांची छत्री आणि जोडा मीच बुवांना दान दिला होता.

जोशीणबाई नवऱ्याला म्हणत होती, "छत्री इकडं धरा नं! सारं ऊन माह्याच डोक्यावर येऊन राह्यलं."

"अर्धी छत्री देली, आता जीव देऊ का तुले?"

"जीव ठेवा तुमच्यापाशी. दांडा द्या इकडं!"

मला पाहून ती म्हणाली, "वहिनी, या नं छत्रीत."

"मले उन्हाची सवय हाय," म्हटलं आणि तरातरा पुढे निघाले.

घरधनी छत्री घेऊन पुढे चालायचे आणि मी मागून उन्हात. आमच्या घरची रीतच तशी. त्या छत्रीखाली मी एकदाही चालले नाही. ही मात्र तिच्याखाली चालता चालता नवऱ्याशी भांडते! सावलीपेक्षा मला त्या भांडणाचाच जास्त हेवा वाटला.

दान दिलेलं मनातूनही सोडावं म्हणतात. बायांनो, तुम्हाला कुणाला जमलं का हो?