पाण्याची टाकी, क्रेन आणि मेकॅनिकलचे पाहुणे

इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांनी मोठ्या विद्यापीठाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवावी : पहिल्या दिवशी वडिलांना घरी ठेवावं.

हे मी अनुभवाने सांगतोय, कारण ते वडील मीच.

उरणजवळच्या आमच्या कोळीवाड्यात मी तीस वर्षं तांडेल आहे, म्हणजे बोट माझ्या हुकमाने चालते. (घर चालत नाही, पण तो विषय वेगळा.) समुद्रात जागा शोधायला आम्ही किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरतो. देवळाचा कळस आणि त्याच्या बरोबर मागे बंदरातली क्रेन दिसली, की त्या रेषेने सरळ जायचं. आता सगळ्यांच्या बोटीवर जीपीएस आहे. माझ्याही आहे, त्याच्यावर मी टोपी अडकवतो.

तर आमच्या प्राचीला घाटावरच्या एका भल्यामोठ्या विद्यापीठात कॉम्प्युटरची सीट मिळाली. आमच्या वाड्यातली पहिली इंजिनिअर! अट एवढीच, की प्रवेशाच्या दिवशी पाचच्या आत सगळी मूळ कागदपत्रं प्रवेश कक्षात जमा करायची, नाहीतर सीट दुसऱ्याला. मी, प्राची आणि माझी बायको सुनंदा, असे आम्ही दुपारी दोनला गेटवर हजर झालो. आत बघतो तर विद्यापीठ कसलं, अख्खा तालुका होता!

प्राचीने मोबाइलवर नकाशा उघडला.

"ठेव तो!" मी म्हणालो. "बाप बरोबर असताना नकाशा कशाला?"

बोटीवर आमचा नियम असतो. सगळ्यांचे मोबाइल एका प्लास्टिकच्या बरणीत, झाकण घट्ट, म्हणजे भिजत नाहीत. सवयीने मी तिघांचे मोबाइल बरणीत घातले. (त्या माळावर पाणी कुठून येणार होतं, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.)

प्रवेश कक्षातले साहेब म्हणाले, "आधी आरोग्य केंद्राचा शिक्का आणा." मग सुनंदाला कागदांची फाइल आणि बरणी घेऊन व्हरांड्यात बसवलं आणि मी प्राचीला घेऊन निघालो. निघताना मागे वळून खुणा धरल्या. प्रवेश कक्षाशेजारची पिवळी पाण्याची टाकी आणि तिच्या मागे, नव्या बांधकामावरच्या लाल क्रेनचं टोक. परत यायला आणखी काय लागतं?

आरोग्य केंद्र प्राचीने पाट्या वाचत शोधलं. शिक्का मिळाला तेव्हा साडेतीन वाजले होते. मी बाहेर येऊन टाकीच्या मागे क्रेनचं टोक आणलं आणि त्या रेषेने चालू लागलो.

"पप्पा, आपण आलो तेव्हा हा जलतरण तलाव नव्हता."

"असेल. तुझं लक्ष नसेल."

पुढे मुलांचं वसतिगृह लागलं. त्याच्या मागे गोठा. (हो, गोठा! इंजिनिअरिंगला गोठा कशाला, असं विचारायचं नाही. मोठ्या विद्यापीठात सगळं असतं, फक्त आपल्याला हवं ते नसतं.) टाक्याही एकीच्या तीन झाल्या. तिन्ही पिवळ्या! शेवटी प्राचीने माझं न ऐकता एका दाढीवाल्या विद्यार्थ्याला प्रवेश कक्ष विचारला.

"मला फक्त कँटीन माहितीये," तो म्हणाला. "पण मी आत्ता चौथ्याच वर्षाला आहे."

सव्वाचार वाजले. प्राचीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला पहिल्यांदा खरोखर भीती वाटली. पण तांडेलाने घाबरलेलं दिसायचं नसतं, म्हणून मी छाती काढून समोरच्या इमारतीत शिरलो. दारात बिल्ला लावलेला एक मुलगा धावत आला.

"सर, समुद्रावरचे पाहुणे तुम्हीच ना?"

"तीस वर्षं समुद्रावर आहे," मी म्हणालो. खोटं काय होतं त्यात?

"या, या! सगळे कधीपासून थांबलेत!"

मला वाटलं, शेवटी कुणीतरी माणूस ओळखला! पुढच्या दोन मिनिटांत मी मेकॅनिकलच्या नव्या विद्यार्थ्यांसमोर व्यासपीठावर होतो, खांद्यावर शाल, हातात नारळ आणि समोर माइक. खाली प्राची दोन्ही हातांनी 'उतरा, उतरा' करत होती. मला वाटलं, पोरगी टाळ्या वाजवतेय.

"मुलांनो," वीसेक मिनिटं समुद्राच्या गोष्टी सांगून मी मुद्द्यावर आलो, "इतक्या मोठ्या जागेत आलात, तर दोन खुणा धरा. एकामागे एक. मग जन्मात हरवणार नाही! खिडकीतून बघा, ती टाकी, आणि तिच्या मागे ते क्रेनचं टोक..."

तीनशे माना खिडकीकडे वळल्या. आणि त्या तीनशे जणांच्या डोळ्यांदेखत ती क्रेन शांतपणे पाव गिरकी घेऊन पार दुसरीकडे गेली.

आमच्या बंदरातल्या क्रेनी अशा गरागरा फिरत नाहीत हो!

मागच्या रांगेतून एकाने हात वर केला. "सर, खूण फिरली तर?"

तेवढ्यात सभागृहाचं दार धाडकन उघडलं. सुनंदा! एका हातात फाइल, काखेत बरणी.

"अवो, उतरा खाली! पाच वाजाय आलं! पोरीची सीट चाललीय न् तुमी हितं भाषण ठोकताय व्हय? सगल्या आवारात कर्ना वाजतोय तुमचा!"

सभागृहाबाहेर कर्णे लावले होते. माझा आवाज ओळखून, त्या दिशेने विचारत विचारत ती आली होती. परत जाताना ती पुढे आणि आम्ही मागे.

"वाट कशी सापडली तुला?" मी धापा टाकत विचारलं.

"वाचमनला इचारली. तोंड हाय ना देवानं दिलेलं?"

पाचला सात मिनिटं कमी असताना शिक्क्याच्या कागदासकट फाइल खिडकीतून आत गेली. साहेबांनी एकेक कागद तपासला, शिक्का मारला आणि म्हणाले, "झाला प्रवेश." सुनंदाने डोळ्यांना पदर लावला. मलाही रडू येत होतं, पण नारळ धरून डोळे पुसता येत नाहीत.

साहेबांनी शेवटचा रकाना भरायला घेतला. "सोबत कोण आलंय?"

"आई," प्राची म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे, शालीकडे आणि नारळाकडे पाहिलं. "आणि हे?"

माझी पोरगी, माझं रक्त, आमच्या वाड्यातली पहिली इंजिनिअर, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ओळखत नाही. मेकॅनिकलचे पाहुणे आहेत."

आणि मी, काय करणार, पाहुण्यासारखी मान डोलावली.