तोइव्होची दाढी

ओरेल शारेट खाणीच्या त्या गावात तीस वर्षं न्हाव्याचं दुकान चालवत होता, आणि दर एप्रिलमध्ये त्याचा वस्तरा गंजायला टेकायचा. बर्फावरच्या हॉकीतल्या स्टॅन्ली चषकाच्या बाद फेऱ्या सुरू झाल्या, की आपला संघ हरेपर्यंत अपशकुन नको म्हणून गावातला एकही पुरुष गालाला वस्तरा लावून घेत नसे. ओरेलला त्याचं वाईट वाटायचं नाही. त्याची स्वतःचीही दाढी वाढलेलीच असे. दुकानात कुणी फुटबॉलचं कौतुक काढलं, की तो म्हणायचा, तिथं एका दुपारी निकाल लागतो, खुंटसुद्धा फुटत नाहीत. हॉकीत एकाच वैऱ्याशी सात-सात सामने, अशा चार फेऱ्या, दोन महिने. मोडक्या बरगड्यांनी खेळतात माणसं. कुणी किती सोसलं ते हनुवटीवर दिसतं.

गावातल्या मयताची दाढीही ओरेलच करायचा.

त्या वर्षी संघ कधी नव्हे तो तिसऱ्या फेरीत गेला. तीन-तीन अशी बरोबरी झाली, आणि सातव्या सामन्याच्या आदल्या दिवशी म्हातारा खाणकामगार तोइव्हो लाहतिनेन झोपेतच गेला, सहा आठवड्यांची पांढरी दाढी घेऊन. त्याच्या बायकोचा, हिल्माचा, निरोप आला: उद्या दुपारी लोक तोंड बघायला येतील, त्याआधी दाढी झालेली हवी.

पाठोपाठ कोझाक आला. हा तोइव्होचा खाणीतला जोडीदार; चाळीस वर्षं दोघांनी सामने एकाच बाकावर बसून पाहिलेले. सामना उद्या संध्याकाळी आहे, तोवर वस्तरा लावायचा नाही, असं त्यानं बजावलं.

"मेलेल्याची दाढी धरत नाहीत," ओरेल म्हणाला.

"कुणी सांगितलं? पाय मोडला तरी खेळतात. हा नुसता मेलाय."

वस्तरा लावलास तर पुन्हा तुझ्या खुर्चीत बसणार नाही, असंही तो सांगून गेला. कोझाक गेला की त्याच्यामागून अर्धी खाण जाणार, हे ओरेलला ठाऊक होतं. आणि खरं तर अपशकुनाला तोही भीत होता.

तो हिल्माकडे गेला. ती वेलचीच्या पावाची कणीक मळत होती. लोकांना सामन्यानंतर बोलावता येईल का, असं त्यानं चाचरत विचारलं. तिचे हात थांबले नाहीत. दरवर्षी पहिल्याच फेरीत हरायचे, ती म्हणाली, दोन आठवड्यांत सुटका व्हायची. यंदा महिना उलटून गेला, त्याच्या हनुवटीवरचा व्रण काही दिसला नाही. लग्नाआधी तोच तेवढा तिला आवडला होता.

"ओरेल, मला माझा नवरा पोचवायचाय. तुमचा संघ नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओरेलनं दाढी केली. व्रण मोकळा झाला.

संध्याकाळी संघ एका गोलनं हरला. कुणामुळे, ते गावाला विचारावं लागलं नाही. शनिवारी चर्चमध्ये ओरेलच्या बाकावर कुणी बसलं नाही. माती देऊन झाल्यावर हिल्मा दफनभूमीच्या फाटकाशी उभी राहिली, आणि तिनं ओरेलचा दंड धरून त्यालाही शेजारी उभं केलं. लोक रांगेनं येऊन तिच्या हातात हात देत होते, ओरेलला टाळून पुढं जात होते.

कोझाकची पाळी आली. हॉकीत मालिका संपली, की दात पाडणाऱ्याशीही हात मिळवूनच बर्फावरून उतरायचं असतं. हात न मिळवता गेलेला खेळाडू त्या गावात कुणी पाहिला नव्हता. कोझाक ओरेलसमोर थांबला. मग त्यानं हात पुढं केला.

"वाईट केलंस, लेका," तो म्हणाला. दुसऱ्या हातानं त्यानं गाल खाजवला. "सोमवारी किती वाजता उघडतोस?"

ओरेलनं आठ सांगितले. मागच्या माणसानंही हात पुढं केला.