तमालपत्राची तीन पानं

आईला इंका लोकांचं वेड कुठून लागलं, देव जाणे. साताऱ्याच्या शाळेत तिने जन्मभर भूगोल शिकवला. शाळेची सहल कधी सज्जनगडाच्या पुढे गेली नाही, आणि ही बाई वर्गात माचूपिचूच्या डोंगरावर पोचलेली असायची. "एकदा बघायचंय गं," हे मी लहानपणापासून ऐकत आले. आता गुडघे गेले, त्यात डॉक्टरांनी उंचावर जायला साफ मनाई केली. म्हणून ती वोल्फ्सबुर्गला माझ्याकडे आली तेव्हा मी हॅम्बर्गच्या संग्रहालयातल्या इंकांच्या प्रदर्शनाची तिकिटं काढली. फ्यूरुंगसकट, म्हणजे गाइडबरोबर गटाने फिरायचं. आई, माझी लेक आणि मी.

त्यात माझाही स्वार्थ होता. बाबा गेल्यापासून आई एकटी. व्हिसावर सहा महिन्यांतले तीन महिने राहता येतं, तेवढी तरी दर वर्षी माझ्याकडे राहा, म्हणून मी तिच्या डोक्याशी भुणभुण लावली होती. ती म्हणायची, "बघू." आईचं "बघू" म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक आहे! म्हटलं, आज ती खुशीत असेल, परतीच्या गाडीत हो म्हणवूनच घेऊ. मला ती हवी होती, बस. ऑफिसातून आल्यावर "आलीस का गं?" म्हणणारं घरात कुणीतरी हवं होतं.

गाइड इंकांच्या पेरू देशातलीच होती, पन्नाशीची, हसरी. ती जर्मनमध्ये सांगायची, मी आईच्या कानात मराठीत पुटपुटायचे आणि आई मलाच दुरुस्त करायची. डोंगरउतारावरच्या शेतांचा भिंतभर फोटो आला तशी ती गटाला मागे टाकून पुढे गेली. "अगं, ही तर आपल्या जावळीतली खाचरं!" एक आजोबा तिला गप्प करायला वळले आणि तिचा चेहरा बघून स्वतःच गप्प झाले.

शेवटच्या दालनात गाइडने जमिनीवर विणलेलं कापड अंथरून मक्याचे दाणे, बटाटे, फुलं मांडली. आईने सरळ बूट काढले.

"आई, घाल ते. लोक बघतायत."

"तिने पूजा मांडलीय आणि मी बूट घालून उभी राहू?"

गाइडने ते पाहिलं, आणि तिनेही आपले बूट काढले.

मग तिने प्रत्येकाच्या हातात तीन तीन पानं दिली. तिच्या गावी यासाठी कोकाची पानं घेतात. त्यांच्यापासून कोकेन बनतं, म्हणून इथे त्यांना बंदी; त्याऐवजी तमालपत्र. "आपल्या डोंगराकडे तोंड करायचं, त्याचं नाव घ्यायचं आणि पानांवर फुंकर घालायची," ती म्हणाली. "आमचे डोंगर म्हणजे घरातली वडीलधारी माणसं. ती ऐकतात."

एक बाई आल्प्स म्हणाल्या. माझी लेक पटकन "ब्रॉकेन" म्हणाली. आभाळ स्वच्छ असलं की आमच्या गावातून दिसतो तो.

आई माचूपिचूच म्हणणार, याची मला खात्री होती. पण तिने मला विचारलं, "भारत कुठल्या बाजूला गं?" मी फोनवर बघून हात केला. ती वळली, डोळे मिटले आणि म्हणाली, "अजिंक्यतारा." आमच्या साताऱ्याच्या स्वयंपाकघरातून दिसतो. फुंकर घालून झाली तरी ती तशीच उभी राहिली. ज्यांचा जन्मभर ध्यास घेतला, ते डोंगर तिच्या पाठीमागच्या भिंतीवर, फोटोत होते.

माझी पाळी आली. ब्रॉकेन लेकीचा, अजिंक्यतारा आता आईचा. गाइड माझ्याकडे बघत थांबली होती. मी आईकडे तोंड केलं आणि फुंकर घातली.

"अगं, माझ्या तोंडावर काय फुंकतेस? डोंगराकडे फुंक!"

"तिकडेच फुंकतेय," मी म्हटलं.

परतीच्या गाडीत मी काहीच विचारलं नाही. लेक खिडकीला टेकून झोपली. आईने माझा हात आपल्या मांडीवर घेऊन थोपटला.

"मला घरी बरं वाटतं गं," ती म्हणाली. "तूच ये ना. हिला घेऊन ये दिवाळीला. चांगली महिनाभर."

ऑफिस, रजा, लेकीची शाळा, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. हो म्हणायला मी तोंड उघडलं.

"बघू," मी म्हणाले.