न्हाणीमावशींची बैठक

सोमवार, दहा नोव्हेंबर. न्हाणीमावशींची दवाखान्यात न्यायची पिशवी भरते आहे. दोन गाऊन, टॉवेल, आधार कार्ड, एक्स-रेचं पाकीट. तेलाची बाटली त्यांनी दोनदा आत ठेवली, मी दोनदा बाहेर काढली. उद्या सकाळी त्यांच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन आहे. त्यांचा मुलगा कबनूरला यंत्रमागावर, त्याला उद्या दुपारपर्यंत सुट्टी नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. त्याचं मला काही नाही. दमले आहे एवढंच, आणि मावशी माझ्याहून जास्त दमल्या आहेत.

कसबा बावड्यात आमच्या गल्लीत त्यांना कुणी नावानं ओळखत नाही. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालतात म्हणून न्हाणीमावशी. त्याही कुणाला नावानं हाक मारत नाहीत. एकदा त्यांच्या हातचं पाणी अंगावर पडलं की ती बाई जन्मभर ‘बाळतीण’. मी एक्कावन्न वर्षांची, धाकटा मुलगा पुण्यात नोकरीला, तरी भर बाजारात पलीकडच्या भाजीच्या पाटीवरून आवाज येतो, “ए बाळतीण, मेथी ताजी हाय बघ हिकडं!” एकदा आमच्या ऑफिसात कसलासा दाखला घ्यायला आल्या आणि साहेबांसमोर हेच. साहेबांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मी दाखला काढून दिला आणि त्यांना लवकर वाटेला लावलं.

त्यांचं सगळं काम बैठकीत होतं. न्हाणीत पाट मांडायचा, साडी गुडघ्यापर्यंत खोचायची, दोन्ही पाय सरळ पसरायचे आणि बाळ नडग्यांवर पालथं घालायचं. दोन पायांच्या मधल्या खोलगटात ते असं बसायचं, जणू ती जागा त्याच्यासाठीच केलेली. पहिला तांब्या स्वतःच्या मांडीवर, मग बाळावर. बाळ किंचाळलं आणि आई दारात कासावीस झाली की म्हणायच्या, “रडू दे. पाणी अंगाला लागतंय म्हणून सांगतंय त्ये.” माझी दोन्ही मुलं त्या पायांवर न्हाली. मला स्वतःला ते कधी जमलं नाही. दुसऱ्या बाळाच्या वेळी मावशी चार दिवस गावी गेल्या, तेव्हा मी बाळ ओल्या फडक्यानं पुसून काढलं होतं.

तीन वर्षांपूर्वी त्या लंगडू लागल्या. “गुडघा धरलाय,” म्हणायच्या. जगाला मालीश करणारी बाई, स्वतःच्या गुडघ्याला दोन वर्षं तेल जिरवत राहिली. एरंडाची पानं बांधली, पट्टा लावला. शेवटी मी रजा टाकून हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, काही नाही. मग पाय दुमडून आत वळवला आणि मावशी अशा ओरडल्या की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

“मावशी, दुखणं खुब्याचं आहे. कळ गुडघ्यात उतरते.”

“दुखतंय हितं, आणि फोटू तिथला काढतोस व्हय?” मावशी म्हणाल्या. पण फोटो आला तेव्हा मलासुद्धा दिसलं. खुब्याचा गोळा आणि त्याची वाटी यांच्यामध्ये जी फट हवी ती उजवीकडे नव्हतीच. हाडावर हाड घासत होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगायला सुरुवात केली. मावशींनी ते भाजी घेतल्यासारखं ऐकलं. हाड कापून सांध्याचा कोन बदलता येतो, पण ते तरुण पेशंटमध्ये, सांधा एवढा झिजलेला नसताना. मावशी म्हणाल्या, “मी सहासष्टची. म्होरं.” सांधा कायमचा जखडून टाकता येतो, दुखणं थांबतं, पण पाय तिथं वाकत नाही. “मग पाटावर कसं बसू?” नाही बसता येणार. “मग दाखवलास कशाला?” झिजलेल्या गोळ्यावर नुसती टोपी बसवायची एक पद्धत आहे, पण त्यांच्या वयाला आणि त्यांच्या हाडाला ती धकणार नाही. राहिलं ते शेवटचं : गोळा आणि वाटी दोन्ही नवीन. डॉक्टरांनी टेबलावरचा नमुना त्यांच्या हातात दिला. मावशींनी गोळा वाटीत फिरवून पाहिला. चांगला फिरत होता.

“ह्यात बसता येतंय?”

“खुर्चीत. चालाल, जिना चढाल, झोप लागेल. पण पाटावर पाय पसरून पुढं वाकायचं नाही. गोळा वाटीतून निसटायची भीती असते.”

मावशींनी नमुना टेबलावर ठेवला. “चालून जाऊ कुठं? माझं काम बसायचं हाय.” आणि उठल्या. उठायला त्यांना माझा हात लागला.

पुढचं वर्षभर गोळ्या झाल्या, एक इंजेक्शन झालं. इंजेक्शनचा गुण तीन महिने टिकला. मी सुचवलं, टेबलावर प्लास्टिकचा टब ठेवा, उभ्यानं अंघोळ घाला. “टबात भांडी बुडवत्यात,” त्या म्हणाल्या. मी पुन्हा विषय काढला नाही. सकाळी त्या आमच्या दारावरून जाताना पाय घासत असल्याचा आवाज यायचा. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “बसल्यावर थांबतंय की.” हे खोटं होतं. बसतानाच सगळ्यात जास्त दुखायचं.

श्रावणात एका घरी बारा दिवसांची मुलगी त्यांच्या पायांवर होती. अंघोळ झाली, आणि उजवा पाय ओढून घेता येईना. मुलीच्या आजीनं आधी मुलगी उचलली. मग दोघा बाप्यांनी मावशींना पाटासकट उचलून बाहेर आणलं. त्या घरच्यांनी चहा दिला. पाय जरा सुटल्यावर मावशी तिथून सरळ माझ्याकडे आल्या, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

“पाय माझा न्हवताच गं बाळतीण. पोर घसरली असती तर?”

“घसरली नाही ना?”

“न्हाय. पर घसरली असती तर मला धरता आली नसती. येळच मिळाला नसता.” मग म्हणाल्या, “त्या डाक्टर पोराला सांग, नवीन घाल म्हणावं. तारीख घे.”

मी तारीख घेतली. दिवाळीनंतरची मिळाली. तोपर्यंत त्यांनी एकही अंघोळ घातली नाही, आणि हे कुणाला सांगितलंही नाही. विचारायला येणाऱ्यांना म्हणायच्या, “बघू.”

आज संध्याकाळी त्यांना ॲडमिट केलं. सिस्टरनं उजव्या पायावर पेनानं खूण केली. सिस्टर गेल्यावर मावशींनी कनवटीची चिठ्ठी काढली. नातवाकडून लिहून घेतलेले तीन फोन नंबर होते. तीन घरं, तिन्हीकडं बाळंतपण जवळ आलेलं, तिघी मावशींच्या भरवशावर.

“तू सांग. माझ्या तोंडातनं न्हाय निघायचं.”

“काय सांगू?”

“सांग, न्हाणीमावशी गेली म्हणून.”

“जित्या माणसाचं असं सांगतात होय?”

“मग आता बसत न्हाय म्हणून सांग. एकच की ते.” आणि त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या. मी पांघरूण सारखं केलं आणि घरी आले.

मंगळवारी सकाळी साडेसातला त्यांना आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसून नंबर लावले आणि सांगितलं, खुब्याचं ऑपरेशन आहे, मावशी आता न्हाऊ घालायला बसत नाहीत. पहिल्या घरी सासूनं फोन घेतला, बरं म्हणाली, ठेवला. दुसऱ्या घरी विचारलं, ओळखीची दुसरी कुणी आहे का. नाही म्हटलं. तिसरीकडं फोन घेणारी स्वतःच दिवस भरत आलेली होती.

“मावशी चालायला कधी लागतील ओ?”

“उद्या-परवा, वॉकर धरून. दोन महिन्यांत काठीही लागणार नाही म्हणतात.”

“मग झालं की! माझी तारीख जानेवारीच्या शेवटाला हाय. मलाबी त्यांनीच न्हाऊ घातलंय, आई म्हणती. आम्ही थांबतो.”

“थांबू नका,” मी म्हटलं. “दुसरी बाई बघा.”