पाहुण्यांच्या मानाचं पान

आमच्या घरी सगळ्यांना पुरेल इतका भात क्वचितच शिजायचा. आई उदबत्त्या वळायची, वडील मेटगळ्ळीच्या कारखान्यात माल उचलायचे. आम्हा पोरांची जेवणं उरकली की दोघंही गालात तंबाखू धरून बसत. भूक मरते. त्याला आमच्यात कुणी व्यसन म्हणत नसे.

वडलांच्या गालात आधी पांढरा डाग आला, मग जखम, मग गाठ. माणसं भेटायला येऊ लागली. आम्हा म्हैसूरच्या जुन्या मराठी घरांची रीत अशी, की आलेल्यापुढं पान, सुपारी, तंबाखूचं ताट ठेवायचं आणि घरधन्यानं त्याच्यासोबत घ्यायचं. नाही घेतलं तर पाहुण्याचा अपमान. वडलांचं तोंड धड उघडत नव्हतं, तरी प्रत्येकाच्या मानासाठी ते चिमूट आत सरकवायचे. खाटेभोवती एवढी माणसं, पण हात धरला कुणी नाही. मोठी आत्या तर म्हणायची, "घे रे, तेवढंच दुखणं बधिर होतं." वडील गेल्यावर तीच म्हणाली, "अय्यो, नशीबच खोटं त्याचं."

मी शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस मी, आणि हे मी मान वर करून सांगते. आज मी एका प्रयोगशाळेत तोंडाच्या नि घशाच्या गाठींचे पातळ काप रंगवून तपासते. आपल्या पेशीत एक प्रथिन असतं. पेशीतले जनुक बिघडले की ते तिला वाढू देत नाही. आधी दुरुस्त हो म्हणतं, नाही जमलं तर मर म्हणतं. तंबाखू हे प्रथिन घडवणारा जनुकच नासवते. मग बिघडलेलं प्रथिन लवकर मोडत नाही, कित्येक कापांत ते गच्च साचलेलं दिसतं, रंगवल्यावर पेशींची केंद्रकं गडद तपकिरी होतात, आणि काम मात्र शून्य. थांब म्हणणारं कुणी उरत नाही, गाठ वाढत राहते. पहिल्यांदा तो काप पाहिला तेव्हा मला वडलांच्या खाटेभोवतीची गर्दी आठवली.

मध्यंतरी आईच्या गालात तसाच पांढरा डाग दिसला. त्याच आठवड्यात आत्या आमच्या बोगादीच्या घरी आली, आणि आईनं ताट आणलं. मी ते उचललं.

"अगं, वन्सं काय म्हणतील!" आई कळवळली.

"असू दे वहिनी," आत्या म्हणाली. "लेक शिकली ना. आता थुंकायचं कुठं तेही तीच सांगेल."

"थुंकायची वेळच नको आत्या. तोंडातच घालू नको."

"म्हणजे तुझा बाप माझ्या मानाच्या पानानं मेला?"

"गाठ आधीच होती. पण नको म्हणायला तुम्हा एवढ्या जणांत एकही नव्हता."

आत्या चहा न घेता गेली ती गेलीच. नात्यात माझं नाव शिकलेली उद्धट असं पडलं. पडू दे. आई माझ्याशी बोलेना, पण तंबाखूही तिनं तोंडाला लावली नाही. मग एक दिवस आपणहून म्हणाली, "चल, दाखवून येऊ."

डागाचा तुकडा काढून तपासला. पेशी बदलू लागल्या होत्या, कर्करोग झालेला नव्हता. डॉक्टरांनी डाग पुरता काढून टाकला. आई दर काही महिन्यांनी तोंड दाखवून येते. आमच्या घरात आता कुणीही तंबाखू खात नाही.