बॉनेटवर ठेवलेला हात

१४ मार्च २००६, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. ही वेळ माझ्या वहीत आहे. त्या वेळी मी काय केले ते वहीत नाही. आजवर ते मी कोणालाही सांगितलेले नाही — आईलासुद्धा नाही.

पांढरकवड्याला हमरस्त्यालगत बाबांचे गॅरेज होते. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असताना मी तिथे प्रत्येक इंजिनाची मोजमापे टिपून ठेवत असे. त्या दिवशी बाबा सामान आणायला यवतमाळला गेले होते. सदूकाका ड्रायव्हर एक पांढरी पेट्रोल गाडी घेऊन आले. "पाय ना वं माय, लय पानी पेऊन राह्यली हे. थेंब त कुठी गयत नाही."

बाहेर गळत नसेल, तर पाणी जाते कुठे? ऑइलचे झाकण उघडले — आत दुधाळ फेस, म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरत होते. चारही सिलिंडरांचा दाब मोजला: कडेची दोन ठीक, मधली दोन निम्म्यावर. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचा पातळ थर, बरोबर त्या दोहोंच्या मध्ये फुटले होते. हेड उतरवून घासायचे, नवे गॅस्केट बसवायचे — दोन दिवसांचे काम. तोवर गाडी हलवायची नाही.

मग गाडीचा साहेब चहा पिऊन आला.

तो कापूस खरेदी केंद्रावरचा, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर होता. डिसेंबरात आई आणि मी त्याच्यासमोर अकरा तास रांगेत होतो. त्याने आमच्या बैलबंडीतल्या कापसात हात खुपसला आणि कापूस ओला ठरवला. तो कोरडा होता. आठ दिवस मीच उन्हात वाळवला होता. ओलाव्याचे मीटर लावून पाहा, एवढेच मी म्हटले. "मीटर कायले पाह्यजे? माहा हातच मीटर हाय. अन् तू कोन वं, कलेक्टरीन?" रांग हसली. आईही हसली — भीतीने. आईचे ते हसू मी तीन महिने जपून ठेवले होते.

"लवकर बोल, आदिलाबादले जाचं हाय." त्याने मला ओळखले नव्हते. ओळखले असते, तर मी खरे बोलले असते का? नाही. मी वही मिटली. बॉनेटवर तळहात ठेवला, अगदी त्याच्याच रुबाबात.

"काही नाही, साहेब. पानी भरत राहा."

"मीटर-गिटर नाही लावत?"

"हाताले समजते, साहेब."

तो खूश होऊन हसला. विद्यापीठात पहिली आले, तेव्हाही मला इतका आनंद झाला नाही — कबूल करायचे, तर हेही करायला हवे.

माझे गणित सरळ होते. पाटणबोरीच्या पुढे, भर उन्हात, इंजिन उकळेल. तो रस्त्याच्या कडेला ट्रकांना हात दाखवत उभा राहील. तसेच झाले. त्या गणितात मी सदूकाकांना धरले नव्हते — की धरले होते, आणि वगळले?

साहेब बाभळीच्या सावलीत बसला आणि काकांना म्हणाला, पाणी भर. माझेच वाक्य. काकांनी तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले. उजवा हात तळव्यापासून कोपरापर्यंत भाजला. साहेब ट्रकमध्ये बसून आदिलाबादला पोहोचला, वेळेवर.

"थंड झाल्यावर." हे दोन शब्द मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे. त्या दिवशी सांगितले नाहीत. विसरले नव्हते.

चौथ्या दिवशी गाडी ओढून आणली. काकाही आले, हाताला पट्ट्या बांधून. "माहीच गलती, माय. तू त बरोबर सांगतलं होतं." बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी होकारार्थी मान हलवली. पुढे त्या हाताची बोटे पुरती मिटली नाहीत. काकांचे स्टिअरिंग सुटले. त्या ग्रेडरवरचा माझा राग मात्र अजून जसाच्या तसा आहे.

हेड उतरवले. मी त्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवली. काकांनी डाव्या हाताने बॅटरीचा उजेड धरला. उकळून हेड वाकले होते; पट्टीखालच्या फटीत मी जाडी मोजायचे गेज सरकवले आणि वहीत लिहिले: हेडचा वाक, ०.४० मिलिमीटर.